झेंडा परका, माणूस आपला : नौकानयन मंत्र्यांना खुले पत्र

३० जुलै २०१९

प्रति,
मा. श्री. मनसुख मांडविया,
राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार), नौकानयन मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातला. चौतीस वर्षं तेलाच्या जहाजांवर काढली. ओएस, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा खलाशी, म्हणून चढलो, पंपमन, म्हणजे तेलाचे पंप आणि टाक्या सांभाळणारा, म्हणून उतरलो. आपण भावनगर जिल्ह्यातले आहात, जुनी जहाजं तोडायचा अलंगचा किनारा आपल्याच जिल्ह्यात येतो. मी ज्या जहाजांवर राबलो त्यांतली काही तिथंच फुटली असतील. त्यामुळे टँकर म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. टँकरवरच्या माणसाबद्दल मात्र थोडं सांगायचं आहे.

माझा मुलगा आज एका टँकरवर एबी, म्हणजे ओएसच्या वरचा अनुभवी खलाशी, आहे. मालक युरोपातला, झेंडा (म्हणजे जहाजाची नोंदणी) मार्शल आयलंड्सचा, खलाशी भरती करणारा एजंट मुंबईतला आणि माल आखातातला. त्याचं जहाज सध्या अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगरावर उभं आहे. आमच्या घरात सध्या टीव्हीवरच्या बातम्यांपेक्षा त्याच्या व्हॉट्सॲपवरची 'लास्ट सीन'ची वेळ जास्त वेळा बघितली जाते.

गेल्या अडीच महिन्यांत काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. १२ मे रोजी फुजैराजवळ चार जहाजांच्या पोटाला भोकं पडली. १३ जूनला ओमानच्या आखातात 'फ्रंट अल्टेअर' आणि 'कोकुका करेजस' या दोन टँकरवर एकाच सकाळी स्फोट झाले. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे त्या दिवशी तेहरानमध्ये समेटाची बोलणी करत होते आणि 'कोकुका' जपानी मालकाचं. अमेरिका म्हणते इराणनं केलं, इराण म्हणतो आम्ही नाही. अमेरिका म्हणते जहाजाला चिकटवलेले सुरुंग होते, तर जपानी कंपनीचे अध्यक्ष म्हणाले की खलाशांनी काहीतरी उडत येताना पाहिलं. खरं काय ते कधीतरी कळेल, कदाचित कळणारही नाही. मी त्यात पडत नाही.

मी बातमी वाचली ती वेगळ्या डोळ्यांनी. 'फ्रंट अल्टेअर'मध्ये ७५ हजार टन नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारं पेट्रोलसारखं ज्वालाग्राही तेल, होता. नाफ्था म्हणजे काय चीज आहे ते पंपमनला विचारा. त्याची वाफ हवेत मिसळली की ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून टाकीत तेलाच्या वर निष्क्रिय वायू भरून ठेवतात, आतला ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. आयुष्यभर मी तो आकडा सांभाळला. रात्री-अपरात्री उठून मीटर बघितला. आणि कुणीतरी बाहेरून जहाजाच्या कुशीला भोक पाडलं की हवा आपोआप आत. तेवीस माणसं जहाज सोडून जिवंत बाहेर पडली, हे वाचून मी देवापुढं दिवा लावला. त्यात भारतीय एकही नव्हता. रशियन होते, फिलिपिनो होते, एक जॉर्जियाचा होता. दिवा लावताना ते मनात आलं नाही.

त्यानंतर मात्र आपल्याच माणसांची पाळी आली. ४ जुलैला जिब्राल्टरपाशी ब्रिटिशांनी इराणचं तेल नेणारं 'ग्रेस वन' अडवलं, त्यावर २४ भारतीय. मग इराणनं 'रियाह' नावाचं छोटं टँकर धरलं, त्यावर बारा खलाशी, त्यांतले नऊ परवा सुटले, तिघे अजून तिथंच आहेत. १९ जुलैला होर्मुझमध्ये, म्हणजे इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीत, हेलिकॉप्टरमधून दोरानं इराणी सैनिक उतरले आणि 'स्टेना इम्पेरो' हे टँकर इराणच्या बंदर अब्बासला नेलं. त्यावरच्या २३ जणांत १८ भारतीय. आपल्या वकिलातीची माणसं खलाशांना भेटली, नऊ जणांना सोडवून आणलं, याबद्दल मी मनापासून आभार मानतो.

पण आज हे पत्र लिहीत असताना पंचेचाळीस भारतीय दोन देशांच्या भांडणात अडकलेले आहेत आणि त्यांतला एकही भारतीय झेंड्याच्या जहाजावर नाही. 'रियाह' पनामाच्या झेंड्याचं, 'स्टेना इम्पेरो' ब्रिटनच्या, आणि 'ग्रेस वन'ला तर पनामानं मे महिन्यातच आपल्या यादीतून काढलं होतं.

माझं म्हणणं एवढ्यातच आहे, महोदय. नौवहन महासंचालनालयानं १३ आणि १६ जूनला सावधगिरीच्या सूचना काढल्या, त्या भारतीय झेंड्याच्या जहाजांसाठी. नौदलानं 'ऑपरेशन संकल्प' सुरू केलं, आयएनएस चेन्नई आणि आयएनएस सुनयना तिकडं गेल्या, आपले नौसैनिक टँकरवर चढून सोबत करू लागले, तेही भारतीय झेंड्याच्या जहाजांसाठी. हे सगळं योग्यच आहे. अभिमान वाटावा असं आहे. पण दोन लाखांहून जास्त भारतीय खलाशी आणि अधिकारी समुद्रावर पोट भरतात आणि त्यांतले बहुतेक परक्या झेंड्याखाली. कोकणात ज्या घरी विचाराल त्या घरी हेच उत्तर मिळेल : पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स. ज्या देशाचा झेंडा, तो देश त्यांनी नकाशातही बघितलेला नसतो. आणि संकट आलं की तो देश त्यांच्यासाठी एक होडीही पाठवत नाही.

झेंड्याची किंमत मी १९८७ साली बघितली आहे. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, आखातातच एका टँकरवर. इराण-इराकचं युद्ध चाललं होतं आणि दोघंही एकमेकांच्या तेलावर, म्हणजे आमच्यासारख्यांवर, क्षेपणास्त्रं डागत होते. रात्री आम्ही डेकवरचे सगळे दिवे मालवायचो, पोर्टहोलला काळे कपडे लावायचो. बॉयलर सूट घालूनच झोपायचो, लाइफजॅकेट उशाला. केबिन पाण्याच्या पातळीजवळ असलेले लोक वरच्या मजल्यावरच्या बोळात गादी टाकायचे. त्या वर्षी कुवेतनं आपल्या टँकरवर अमेरिकेचा झेंडा लावून घेतला, म्हणजे अमेरिकेच्या युद्धनौका सोबत येतील. पहिल्याच फेरीत, २४ जुलैला, 'ब्रिजटन' या टँकरखाली सुरुंग फुटला. टँकर चालत राहिलं. आणि राखण करायला आलेल्या युद्धनौका त्या टँकरच्या मागं, त्याच्या पाण्याच्या रेषेत लागल्या, कारण सुरुंगाचा मार खायला टँकरचं पोट जास्त भक्कम होतं. रेडिओवर ते ऐकून आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तो दाभोळचा होता, एवढंच म्हणाला, "आता कोण कुणाला सांभाळतंय?" त्या युद्धात चारशेहून जास्त खलाशी गेले. त्यांपैकी एकानंही कुणाशी युद्ध पुकारलेलं नव्हतं.

तेव्हा माझं एक पत्र घरी पोचायला महिना लागायचा. आईला कळायच्या आत धोका संपलेला असायचा, ही एका परीनं दयाच होती. आता तसं नाही. आता माझ्या बायकोला धोका माझ्या मुलाच्या आधी कळतो. 'रियाह'चा सिग्नल इराणच्या केश्म बेटाजवळ बंद झाला, हे जगाला जहाजांचे नकाशे दाखवणाऱ्या वेबसाइटवरून कळलं. त्या बारा जणांच्या घरच्यांनी तो थांबलेला ठिपका बघितला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात मी एजंटच्या ऑफिसात फोन लावला. जहाज होर्मुझच्या आत जाणार आहे का आणि मुलाला नको असेल तर तो उतरू शकतो का, एवढंच विचारलं. तिथला मुलगा चांगला होता, पण त्याला काही माहीत नव्हतं. शेवटी म्हणाला, "काका, काळजी करू नका, आणि त्याला असं काही विचारायला सांगू नका, पुढचं कॉन्ट्रॅक्ट अडकेल." तो धमकी देत नव्हता. धंद्यात जे चालतं तेच त्यानं सांगितलं.

तुलना करून बघा. फुजैराला भोकं पडली १२ मेला. लंडनच्या विमावाल्यांच्या समितीनं १७ मेला इराणी आखात आणि ओमानच्या आखाताचा पश्चिमेकडचा भाग धोक्याच्या यादीत टाकला. पाच दिवसांत जहाजाच्या पत्र्याचा भाव ठरला. प्रत्येक फेरीचा जादा हप्ता मालक भरतो, तो भाड्यात घालतो, ते भाडं शेवटी आपण पेट्रोल पंपावर देतो. ज्यांच्या जहाजांवर कामगार संघटनांचे करार आहेत, त्यांना युद्धक्षेत्र जाहीर झाल्यावर नकार देता येतो, कंपनीच्या खर्चानं घरी येता येतं, वर दोन महिन्यांचा मूळ पगार मिळतो. करार नसलेल्या जहाजावरच्या पोराला यातलं काय मिळतं? 'रियाह'सारख्या छोट्या टँकरवर चढणाऱ्या पोरांनी तर कराराचा कागद नीट वाचलेला असतो की नाही, मला शंका आहे. घरची तीन-चार लाखांची उचल फेडायची असते, मिळेल त्या जहाजावर ती चढतात.

परक्या झेंड्याच्या प्रत्येक जहाजामागं युद्धनौका पाठवा असं मी म्हणत नाही. समुद्राचा कायदा मलाही थोडा कळतो. पण जहाज परकं असलं तरी एजंट आपला आहे. त्याला परवाना आपल्याच महासंचालनालयानं दिला आहे, तो परवाना रोखून धरायचा अधिकारही त्यांचाच आहे. मग त्याच परवान्याची अट म्हणून एवढं घाला की जहाज होर्मुझच्या आत जाणार असेल तर खलाशाला त्याच्या भाषेत, लेखी, आधी कळवलं पाहिजे. त्यानं नकार दिला तर त्याला घरी आणलं पाहिजे. आणि नकार दिला म्हणून पुढचं काम नाकारल्याचं आढळलं तर परवाना जाईल. यासाठी दिल्लीत नवा कायदा करावा लागेल असं मला वाटत नाही. कांजूरमार्गच्या महासंचालनालयातून एक परिपत्रक निघालं तरी सुरुवात होईल.

दुसरं म्हणजे, प्रत्येक खलाशाचा इंडोस नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, आपल्या खात्याकडे आहे. कोण कधी कुठल्या जहाजावर चढला हे एजंट आपल्याच संगणकावर भरतात. तेव्हा आज आखातात किती भारतीय आहेत, हे एका दुपारात काढता येईल. ती यादी काढा. जहाज अडवलं गेलं की टीव्हीवर पट्टी येण्याआधी त्या घरी फोन गेला पाहिजे, मराठीत, मल्याळममध्ये, तमिळमध्ये, ज्या घरात जी भाषा असेल तीत.

आणि पगार. गेल्या वर्षी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ठरलं की चाच्यांनी पकडून ठेवलेल्या खलाशाचा करार संपत नाही, पगार चालू राहतो. ती दुरुस्ती अजून लागू व्हायची आहे. पण त्यात चाचे आहेत, दरोडेखोर आहेत, सरकारं नाहीत. बंदर अब्बासला जो बसला आहे त्याला सैनिकानं धरलं की चाच्यानं, याचा त्याच्या घरच्या किराण्याच्या उधारीशी काय संबंध? हा मुद्दा भारतानं उचलावा. जगाला खलाशी पुरवणाऱ्या देशांत आपण वरच्या रांगेत आहोत, आपलं ऐकावं लागेल.

मुंबईहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलं की वाटेत जवाहर द्वीप लागतं. तिथं टँकर लागलेले असतात, तिथून माहुलच्या रिफायनऱ्यांना तेल जातं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्यातला मोठा वाटा होर्मुझच्या त्या चिंचोळ्या वाटेनं, जिथं येणाऱ्या आणि जाणाऱ्या जहाजांना प्रत्येकी दोन मैलांची पट्टी मिळते. ते तेल आणणारी माणसं आमच्या गावांतली आहेत. बॅरलचा भाव रोज सकाळी छापून येतो. या माणसांचा आकडाही सरकारच्या टेबलावर रोज सकाळी असावा.

नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली आहे. आमच्याकडे होड्या अजून वर ओढलेल्या आहेत, समुद्र खवळलेला आहे. मुलाचा काल रात्री निरोप आला की ऑर्डर मिळाली, होर्मुझच्या आत सौदीतल्या जुबैलला जायचं, बहुधा ८ ऑगस्टला सामुद्रधुनी ओलांडतील. त्याला कुणी काही विचारलेलं नाही. परिपत्रक त्याआधी निघालं तर त्याला विचारलं जाईल. तो नाही म्हणेलच असं नाही, मीही १९८७ साली नाही म्हटलं नव्हतं. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्या उत्तराची वाट बघतो.

आपला नम्र,
एक निवृत्त पंपमन
ता. गुहागर, जि. रत्नागिरी