जुलाबात सलाईनआधी ओआरएसची पुडी

महोदय,

पावसात कोकणातल्या विहिरी गढूळ झाल्या की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि दवाखान्यात पहिली मागणी होते सलाईनची. तोंडाने पिऊ शकणाऱ्या बहुतेकांना ती लागत नाही. लागते ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची क्षार-साखरेची पावडर, तेही नीट कालवलेले.

चूक होते ती कालवतानाच. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची. पुडीवरचा आकडा वाचून ती अख्खी, मोजलेल्या उकळून गार पाण्यात घालावी. पेल्यात अंदाजाने मोठी पुडी अर्धी टाकली की मिश्रण दाट होते, आतड्यात उलट पाणी ओढले जाते, जुलाब वाढतात आणि मुलाच्या रक्तात सोडियम चढते. जास्त पाणी घातले तर क्षार पुरत नाहीत. वरून साखर नकोच. 24 तासांनी उरलेले ओतून द्यावे.

दर जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलाला 50 ते 100 मिली, त्यावरच्या मुलाला 100 ते 200 मिली द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. मीठ घातलेली पेज चांगलीच. शहाळ्यात मात्र सोडियम फार कमी, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही. मुलांना सोबत 14 दिवस झिंक द्यावे: सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. जुलाब थांबले म्हणून घरोघरी ते चौथ्या दिवशीच बंद होते, याचे फार वाईट वाटते.

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, मूल मलूल आहे, पिता येत नाही, लघवी होत नाही, तर वाट न बघता रुग्णालय गाठावे. सलाईन तिथे हवीच. तांदळाच्या धुवणासारखे पाणी एकसारखे जात असेल तर पटकीची (कॉलराची) शंका घ्यावी आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. शौचात रक्त असेल तर डॉक्टरांकडूनच अँटिबायोटिक घ्यावे, शौचाचा नमुना मात्र पहिल्या गोळीआधी द्यावा. एरवीच्या पाण्यासारख्या जुलाबांत या गोळ्यांचा सहसा उपयोग नसतो. जुलाब अडवणारी लोपेरामाइड मुलांना किंवा रक्त पडत असताना कधीच देऊ नये.

ग्रामपंचायतींना विनंती: विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) मुठीने टाकू नका. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने 70 ग्रॅम चांगली पावडर लागते. उघड्या पोत्यातली दमट पावडर निकामी होते, म्हणून तासाभराने ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून क्लोरीन उरला आहे का ते बघा. नमुना पिवळा झाला नाही तर पुन्हा टीसीएल घाला आणि तोवर कळशी भरू देऊ नका.

आपले,
ग्रामीण आरोग्य सेवेतील डॉक्टर, रत्नागिरी