सरासरी पुरे, आयतालेख लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णालयाच्या ओपीडीत थांबण्याची सरासरी वेळ घटल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. माझी नोकरी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे झाली, त्यामुळे सरासरीचं हे कौतुक काही पचत नाही.

समजा, निम्मे रुग्ण 20 मिनिटांत मोकळे झाले आणि निम्मे 120 मिनिटांनी. सरासरी 70. पण 70 मिनिटं थांबलेला त्या रांगेत एकही नाही! आमच्याकडे गर्दी खरोखर अशीच दुभंगलेली असते. सकाळच्या एसटीने खाडीपलीकडची, वाड्यावाड्यांवरची माणसं एकदम उतरतात आणि केसपेपरला झुंबड उडते. गावातली मंडळी साडेअकराला रिक्षाने येतात नि गोळ्या घेऊन बाराला घरी. पहिल्यांची परतीची गाडी चुकते, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

इथे दहावीच्या बीजगणितातला आयतालेख उपयोगी पडतो. वेळांचे दहा-दहा मिनिटांचे वर्ग पाडायचे, प्रत्येकात किती रुग्ण ते मोजायचे, आलेखकागदावर खांब उभे करायचे. वर्ग फार रुंद घेतले तर दोन्ही उंचवटे एकात बुडतात, मिनिटामिनिटाचे घेतले तर नुसतं काटेरी कुंपण दिसतं. एवढं तारतम्य हवं.

नोंदी किती खऱ्या, तेही त्यात उघडं पडतं. रक्तदाबाचे आकडे मांडून बघा: 120, 130, 140 वर उंच खांब, मधे ओसाड. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, पण घाईत कोण बघतो? इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागाला चार तासांची मर्यादा घातली, तेव्हा चार तास भरायच्या ऐन आधी रुग्ण हलवल्याचा सुळका आलेखात दिसला होता. मार्चअखेर अनुभवलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आयतालेखाला तारीख मात्र कळत नाही. मे महिन्यातले चाकरमानी, लावणीच्या दिवसांतले तापाचे नि लेप्टोच्या संशयाचे रुग्ण, गणपतीतली गर्दी हे सगळं एकाच चित्रात कोंबलं तर खिचडीच होईल. तेव्हा तो महिन्यागणिक काढावा, आणि एसटीने येणारे नि गावातले वेगळ्या रंगात दाखवावेत.

विंचूदंश, सर्पदंशात तर सरासरीवर विसंबणं परवडणारं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, पण ती गोळी वेळेत पोटात जायला हवी ना? तिथे आलेखाचं उजवं टोक बघायचं: सगळ्यात उशिरा पोचलेले कुठल्या वाडीचे, गाडी कुठे अडली.

याला संगणक लागत नाही, निधी तर नाहीच. रुग्णालयाने दर महिन्याचा आयतालेख केसपेपरच्या खिडकीशेजारी लावावा, आणि आपणही पुढच्या बातमीसोबत तोच छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता,
दापोली, जि. रत्नागिरी