रात्री बारापासून पाणी बंद कशासाठी?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता तेव्हा इथली हवा छान असते. हे पत्र नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या सर्जरी वॉर्डाबद्दल आहे. पारा पंचेचाळिशीच्या आसपास आणि उद्याच्या ऑपरेशनवाल्या पेशंटला रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही. लिस्टमध्ये त्याचा नंबर चौथा, टेबलावर जायला दुपारचे दोन. म्हणजे चौदा तास कोरडे.

या नियमामागची भीती खरी आहे. १९४६ साली न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. भुलेखाली पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना त्यांना सापडल्या. पुढे भुलेआधी न जेवण्याचा नियम पाण्यालाही लावला गेला, तिथे चुकलं. साधं पाणी निम्मं पोटाबाहेर पडायला दहा-वीस मिनिटं पुरतात. पोळी-भाजीला कित्येक तास लागतात. म्हणून अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच अंतरं वेगळी केली: पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास, आईचं दूध ४, हलकं खाणं किंवा गाईचं दूध ६, तेलकट-तळलेलं असेल तर त्याहून जास्त. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात २२ चाचण्या होत्या. पाणी प्यायलेल्यांच्या पोटात द्रव जास्त नव्हता, उलट कमीच होता.

उपाशी-तहानलेल्या पेशंटची नस सापडत नाही, स्पायनल (पाठीतून दिलेली भूल) दिल्यावर बीपी घसरतो, मधुमेह्याची साखर उतरते, लहान मूल रडून हैराण होतं.

सिस्टरांना हे ठाऊक नाही असं नाही. पुराव्यावर आधारित परिचर्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच आहे. अडचण लिस्टची आहे. तिच्यावर नंबर असतो, वेळ नसते. आधीच्या दोन केसेस रद्द झाल्या की चौथा पेशंट दुसरा होतो आणि "पाणी कुणी दिलं?" हा प्रश्न सिस्टरला येतो. चौदा तास तहानलेलं का ठेवलं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. मग कोणती सिस्टर जोखीम घेईल?

म्हणून लेखी परिपत्रक हवं. ठरलेल्या ऑपरेशनच्या प्रत्येक प्रौढ पेशंटला सकाळी सहाला २०० मिली पाणी. नऊला सुरू होणाऱ्या पहिल्या केसलाही ते चालतं. लिस्टवर अंदाजे वेळ लिहावी आणि उशीर होणार असेल तर ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) वॉर्डात फोन करून आणखी पाण्याची परवानगी द्यावी. साखरपाणी, बिनदुधाचा चहा चालेल. दुधाचा चहा आणि ताक नाही. संत्र्याचा रसही नाही, नागपूर असलं तरी. त्यात गर असतो. तातडीची केस, आतड्याचा अडथळा, प्रसूतीच्या कळा किंवा पोट हळू रिकामं होणारे पेशंट यांचं भूलतज्ज्ञच ठरवतील आणि ते केसपेपरवर लिहितील.

केसपेपरवर एक रकाना वाढवावा: शेवटचं पाणी किती वाजता. महिन्याकाठी कोणतेही तीस केसपेपर काढून तिथपासून भुलेपर्यंतचे तास अधिसेविकांनी मोजावेत. आकडा खाली आला नाही तर कारण बहुधा न आलेल्या फोनमध्ये सापडेल.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं आपल्याच खात्याकडे आहेत. प्रत्येकी एका सर्जरी वॉर्डापासून सुरुवात करता येईल. नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो. परिपत्रक त्याआधी निघावं.

आपल्या,
सर्जरी वॉर्डांतील काही परिचारिका, नागपूर