खटका पडला पाहिजे : सुभेदार काकांना पत्र

आदरणीय सुभेदार काका यांस,

सादर प्रणाम.

‘माझं नाव कुठं घालू नकोस’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून या पत्रात तुमचं नाव नाही, गावही नाही. पण आभार मानू नकोस असं तुम्ही म्हणाला नव्हता. समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा ठेवायला सांगता, म्हणून चारचौघांत लिहितोय. रिमोटवर चालणाऱ्या जड गाड्या बनवणारी दोन-चार पोरं तरी आपल्या भागात आहेत, त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

लहानपणी दिवाळीत बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत किल्ला व्हायचा. सगळी पोरं मावळे मांडायची, मी मात्र पायथ्याला पत्र्याचा रणगाडा ठेवायचो आणि मोठ्या मुलांची बोलणी खायचो. तो रणगाडा डोक्यातून गेला नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर (संगणकाच्या हुकुमाने धातू कापणाऱ्या) कामाला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरवलं की विजयंता रणगाडा बनवायचा, एकास सहा मापात. विजयंताच का, तर तो आपल्याकडे घडलेला. मूळ आराखडा ब्रिटनच्या विकर्सचा, पण १९६५ साली चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यातून तो बाहेर पडला आणि पुढं कित्येक वर्षं आपल्या चिलखती दलाचा मोठा भार त्याने वाहिला. तोफेसकट पावणेदहा मीटरच्या पुढं लांबी, तीन मीटर सतरा सेंटिमीटर रुंदी. माझ्या मापात ती रुंदी त्रेपन्न सेंटिमीटर होते, म्हणजे घराच्या दारातून जेमतेम निघेल अशी.

मापं मी केली होती, चाकं मी लेथवर काढली होती, गिअरवाल्या चोवीस व्होल्टच्या दोन मोटरी बसवल्या होत्या, रेडिओ होता, रेडिओचा हुकूम घेऊन मोटरी चालवणारा मोटर कंट्रोलर होता. सगळं मिळून बासष्ट किलो. खऱ्याचं वजन सुमारे एकोणचाळीस टन, ते सहाच्या घनाने म्हणजे २१६ ने भागलं तर एकशे ऐंशी किलो येतं, त्या हिशेबात माझा हलकाच. पण बासष्ट किलो लोखंड माणसाच्या पायावर चढलं तर काय होईल, याचा विचार मी केला नव्हता. खरं सांगायचं तर अजिबात केला नव्हता.

पौषातली ती रविवारची सकाळ तुम्हाला आठवत असेल. मैदानात एका बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती. मी गाडी सरळ नेली, सगळं ठीक. मग जागच्या जागी वळवायला गेलो, एक पट्टा पुढं, एक मागं. गाडी वळली, आणि वळून सरळ पोरांच्या दिशेनं सुटली. मी रिमोटच्या दोन्ही काड्या मध्ये आणल्या, मागं ओढल्या, रिमोट बंद केला. काही उपयोग नाही. शेवटचा मिळालेला हुकूम धरून ती चालतच राहिली. मी ओरडत पळत होतो. तुम्ही सायकल टाकलीत, पोरांच्या हातातली एक स्टंप ओढून घेतलीत आणि मागच्या दातेरी चाकात, पट्टा जिथं त्याच्यावर चढतो नेमक्या त्या जागी, घातलीत. स्टंपचे तुकडे झाले, पण पट्टा उतरला. मग एकाच पट्ट्यावर ती गोल-गोल फिरायला लागली. तुम्ही तिच्याबरोबर दोन पावलं फिरलात, वरचं झाकण उघडलंत आणि बॅटरीची वायर उपटून काढलीत. स्टंप कुठं घालायची हे तुम्हाला विचार न करता ठाऊक होतं. ईएमईत, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती विभागात, विजयंताच्या पट्ट्यांवर किती वर्षं काढलीत हे मला नंतर कळलं.

तुम्ही ओरडला नाहीत. पोरांना लांब केलंत, गुडघ्यावर बसलात आणि विचारलंत, ‘बाळ, हे थांबवायला काय केलास?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही घरी आलात ते पाण्याच्या मोटरीचा जुना स्टार्टर पिशवीत घालून. आईला वाटलं पंपाचं काम निघालं. तुम्ही झाकण काढून आतली कॉइल दाखवलीत. ‘शेतात लाईट गेली की स्टार्टर पडतोय की नाही? आणि लाईट आली म्हणून आपोआप चालू होतोय का? का होत नाही?’ मी पाहत राहिलो. ही नो-व्होल्ट कॉइल आमच्याही रानात आहे, पण तिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. करंट आहे तोवर ती खटका धरून ठेवते, करंट गेला की खटका पडतो आणि माणूस येऊन बटण दाबेपर्यंत पडलेलाच राहतो. तुमचं म्हणणं एवढंच होतं की माझ्या गाडीतही रेडिओ आहे तोवरच खटका धरलेला असला पाहिजे. थांबवण्यासाठी काही पाठवावं लागतं आणि ते पोचलं नाही तर गाडी चालतच राहते, अशी रचनाच चुकीची. पोचायचं बंद झालं की ती थांबली पाहिजे.

त्याप्रमाणे आपण बॅटरी आणि मोटर कंट्रोलरच्या मध्ये चोवीस व्होल्टचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने धरला जाणारा मोठा खटका, घातला. त्याची कॉइल गाडीत रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसिव्हरच्या एका स्वतंत्र चॅनलवर, रिले नावाच्या लहान खटक्यामार्फत. रिमोट बंद झाला, सिग्नल तुटला, रिसिव्हरची बॅटरी गेली, काहीही झालं तरी कॉइल सुटते. कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) घालायला तुम्ही लावलात, नाहीतर सुटताना तिच्यात उठणारा उलटा झटका रिले खाऊन टाकतो. मागच्या झाकणावर हाताने दाबायचं लाल बटण बसवलं, कारण रिमोट माझ्या हातात असला तरी गाडीजवळ दुसरं कुणीतरी असतं. कंट्रोलरवर एक बारीक स्विच असतो, सिग्नल गेल्यावर शेवटचा हुकूम धरायचा की थांबायचं हे ठरवणारा. तो मीच वाचल्याशिवाय चुकीच्या बाजूला ठेवला होता. रिसिव्हरचा फेलसेफही, म्हणजे सिग्नल गेल्यावर त्याने काय करायचं ते, मी भरला नव्हता. दोन्ही दुरुस्त केले, आणि मग चाकं हवेत ठेवून शंभर वेळा रिमोट बंद करायला लावलात. शंभर. वहीत रेघा मारायला आमच्या भाचीला बसवलंत.

पण गाडी मुळात सुटली का, हे तुम्ही सोडलं नाहीत. तिथं मला तुमची खरी ओळख पटली. मी म्हणत होतो रेडिओ खराब, नवीन घेतो. तुम्ही म्हणालात, ‘थांब. सरळ जाताना नीट होती न्हवं? मग वळतानाच का बिघडली?’ वायरीभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजणारं क्लॅम्प मीटर आणलंत. सरळ जाताना एका मोटरीला आठ अँपिअर. गवतावर जागच्या जागी वळताना पस्तीस, दोन्ही मिळून सत्तर. सरळ जाताना पट्टे नुसते फिरतात, वळताना ते जमिनीवर आडवे घासत ओढले जातात, म्हणून इतका फरक. आणि मी रिसिव्हरची काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर घेतली होती मोटरच्याच परतीच्या वायरवर, मध्येच कुठंतरी, जवळ पडते म्हणून. ती वायर बारीक, दीड चौरस मिलिमीटरची. तुम्ही मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलंत, दुसरं रिसिव्हरच्या काळ्या वायरला, आणि मला वळण मारायला सांगितलंत. जिथं शून्य दिसायला हवं तिथं पावणेदोन व्होल्ट. रिसिव्हरचा सिग्नल मुळात सव्वातीन-साडेतीन व्होल्टचा, त्याच्या पायाखालची जमीनच पावणेदोन व्होल्ट वर-खाली होत होती. कंट्रोलरला कुठला हुकूम खरा हे कळणार कसं?

तुम्ही त्याला अर्थिंग म्हणालात. खऱ्या गाडीतही चोवीस व्होल्टच, आणि एक अर्थ गंजला की कुठला दिवा कुठल्या बटणाने लागेल सांगता येत नाही, हे सांगताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादी नेमकी गाडी उभी होती असं मला वाटलं. पितळेचा एक बोल्ट मध्ये रोवला, सगळ्या निगेटिव्ह वायरी वेगवेगळ्या येऊन त्या एकाच बोल्टवर. मोटरच्या वायरी सहा चौरस मिलिमीटरच्या, पिळून, टोकाला धातूचा लग दाबून. मोटरच्या टोकांवर छोटे कपॅसिटर, ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास रेडिओला होऊ नये म्हणून. पुन्हा मोजलं. ०.०२ व्होल्ट. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि मीटर पुसून डब्यात ठेवलंत.

पट्ट्यांचं सांगायलाच हवं. एका बाजूला शहाण्णव कड्या, अशा दोन बाजू. उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या फाउंड्रीत अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतून घेतल्या. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, मी नेमक्या मापाचा केला होता, आणि ओतीव माल थंड होताना शेकडा एक-सव्वा आखडतो हे माझ्यासारख्या मशीनवरच्या माणसाने विसरावं याची मला आजही लाज वाटते. साडेबावीस मिलिमीटरला पाव-एक मिलिमीटर कमी. एका कडीत काहीच दिसत नाही. दातेरी चाकावर आठ-दहा कड्या बसल्या की पट्टा दातांच्या डोक्यावर चढतो आणि कट-कट आवाज करतो. मी सगळ्या कड्या भंगारात घालणार होतो. तुम्ही एक कडी हातात घेऊन अंगठा फिरवलात आणि विचारलंत, भोक कुठून मोजून पाडलास? कडेवरून. ‘कडेला काय विचारायलास? भोकाला भोकावरून मोज.’ पहिल्या भोकात पिन बसवायची, त्या पिनेवरून दुसरं भोक, अशी एक जिग, म्हणजे भोक बरोबर जागी पाडायची पकड, आपण केली. बाहेरचं अंग थोडं आखडलेलं राहिलं तरी पिन ते पिन अंतर बरोबर आलं. नवीन कड्या ओतायच्या वेळी आखडण्यापुरता जास्त मालही ठेवला. १९२ कड्या तीन रविवारांत. शेवटच्या रविवारी तुमच्या हातांना कंप होता, तरी पिना तुम्हीच ठोकल्यात, कारण पट्टा बोटाने दाबून किती सैल हवा ते मला अजून कळत नव्हतं.

आणि रेंजिंग गन! तोफेच्या ढालीकडे बघून तुम्ही म्हणालात, बारा पॉइंट सात मिलिमीटरची कुठाय? पहिली मशीनगनच्या गोळ्यांची फैर टाकून अंतर पकडायचं आणि मग एकशेपाच मिलिमीटरची तोफ. माझ्या ढालीला ते भोकच नव्हतं. मी चित्रात पाहिलं होतं, पण कशाचं ते न कळल्यामुळे गाळलं होतं. आवाजाचंही तसंच. मी कुठल्यातरी भलत्या डिझेलचा आवाज भरला होता. तुम्ही डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, हे आपलं इंजिन नव्हे. सहा सिलिंडर, बारा पिस्टन, समोरासमोर धावणारे, टू-स्ट्रोक. मग तोंडाने तो आवाज काढून दाखवलात. बाबा आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा तुमच्या क्रूविषयी बोललात, त्यातले दोघे आता नाहीत हे सांगितलंत. ते इथं लिहीत नाही. पण त्यानंतर मी त्या गाडीकडे खेळणं म्हणून बघू शकलो नाही, एवढं तुम्हाला कळावं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. सायकलचं टायर बदलून देतो म्हटलं तर रागावलात. आईने दिलेला गोड कुंदा तेवढा घेतलात, तोही निम्मा भाचीला परत देऊन.

काका, भाताची सुगी झाल्यावर येळ्ळूरच्या शिवारात गाडी चालवली. काळी माती दातेरी चाकात भरते म्हणून तुम्ही चाकाला पाडायला लावलेल्या खिडक्यांतून माती आपोआप बाहेर पडत होती. राजहंसगडाकडे तोंड करून चाळीस मिनिटं चालली, बुरूज फिरवला, बांध चढवला. गावातली पंचवीसएक पोरं होती. चालवण्याआधी त्यांना गोल करून उभं केलं, दहा पावलं लांब, आणि एकाला रिमोट बंद करायला सांगितलं. खट्ट असा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला तुमची आठवण आली आणि थोडा वेळ बोलता येईना.

डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, महिनाभर धुळीत जाऊ नका. डावा पट्टा आता सैल झालाय, एक कडी कमी करावी लागेल असं वाटतंय, पण मी हात लावलेला नाही. पिना आणि हातोडी तुमच्या डब्यात तशीच ठेवली आहे. डोळ्याची पट्टी निघाली की निरोप धाडा, मी गाडी घेऊन तुमच्या अंगणात येतो.

तुमचा,
टिळकवाडीचा पोरगा