खांदा हलता करणाऱ्या ताईंचे आभार

पावसात बांधावरून घसरलो, उजव्या खांद्याचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटला. बेळगावात ऑपरेशन झालं, सहाएक आठवडे हात पट्ट्यात. पट्टा निघाला तरी हात छातीच्या वर चढेना, तेव्हा मात्र धीर सुटला.

फिजिओथेरपीच्या ताई कानडी, मराठी मोडकंतोडकं. (माझं कानडीही तसलंच!) त्यांनी कागदावर खांदा काढून दाखवला: हाडाला शिवलेला टेंडन जुळायला महिने लागतात, ताकद यायला ६ महिने, कधी वर्षही, घाईत वजन उचललं तर पुन्हा फाटेल. खोटा धीर दिला नाही, ते फार बरं वाटलं. खानापूरची बस चुकू नये म्हणून स्वतःचा डबा झाकून ठेवून आधी मला घ्यायच्या. कोपराला आधार कसा द्यायचा, ते बायकोलाही शिकवलं.

आता सदरा मीच घालतो. ताई, तुंबा (कानडीत 'खूप') धन्यवाद!