बंद शटरबाहेरची माणसं

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. ‘तुम्ही डावे लोक पिक्चर बघत नाही, त्यावर ठराव मांडता’ हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, तर बायको तुझीच बाजू घेऊन हसली. म्हणून काल रात्री अमिताभचा ‘दीवार’ पुन्हा लावला. वही-पेन मुद्दाम लांब ठेवलं.

आधी कबुली देतो. गोदामाचा सीन आला आणि मी पंधरा वर्षांच्या पोरासारखा पुढे सरकून बसलो. आमचे अण्णा गिरणीत पाळी करून आल्यावर शेजाऱ्यांना हाच सीन हातवारे करून सांगायचे. अण्णांनी युनियनची वर्गणी कधी थकवली नाही, गेटसभा चुकवली नाही. त्यांना काय कमी पडत होतं, म्हणून त्यांनी या पिक्चरला तीन-तीनदा तिकीट काढलं? मी त्याला कधी ‘भांडवली गुंगी’ म्हणालो होतो. तो माझा शहाणपणा होता, परत घेतो.

पण तो सीन नीट आठव. हप्ता द्यायला नकार दिलेला एक कामगार जिवानिशी जातो. मग विजय, म्हणजे गोदीत हमाली करणारा अमिताभ, गुंडांच्या गोदामात एकटा शिरतो, आतून कुलूप घालतो, किल्ली त्यांच्यातल्या पीटरकडे फेकतो. पुढची मारामारी तुला पाठ आहे. मी काल शटरच्या या बाजूचा विचार करत होतो. सगळी गोदी बाहेर! रोज शेकडो पोती पाठीवरून वाहणारी माणसं, आणि त्यांच्या वाट्याला काम काय, तर एकाचं उरकेपर्यंत थांबायचं. सलीम-जावेदनी लिहिलेल्या त्या सीनला तोड नाही, पण त्यात एकालाही ‘आपण सगळेच उद्यापासून पैसे देणार नाही’ असं सुचत नाही.

मुंबईच्या गोदीत हे सुचलेलं होतं रे. पी. डिमेलोंनी गोदी कामगारांना एकत्र आणलं, ते १९५८ साली गेले. त्यांच्याच हाताखाली जॉर्ज फर्नांडिस तयार झाले. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा तर १९४८ चा. पडद्यावरच्या गोदीत मात्र मला लाल सोड, कुठल्याच रंगाचा बावटा दिसला नाही.

म्हणजे पिक्चरला युनियन माहीतच नव्हती असं नाही. सुरुवात तिथूनच होते. विजयचा बाप कामगारांचा पुढारी, मालक त्याची बायकापोरं धरून ठेवतो आणि तो मालकाच्या अटींवर सही करून देतो. नंतर पोराच्या हातावर ‘मेरा बाप चोर है’ गोंदलं जातं, ते तुला सांगायला नको. सही फितुराची नाही, गळ्यावर सुरी ठेवून घेतलेली आहे, हे आपण प्रेक्षक बघतो. तरी शिक्षा बापाला आणि डाग पोराला. आणि तो मालक? विजय हिशोब मागायला त्याच्याकडे कधीच जात नाही. त्याऐवजी आईनं जिथे विटा वाहिल्या ती इमारत विकत घेतो. अपमानाची भरपाई सातबाऱ्यावर नाव चढवून! आपल्या गिरणगावात पुढे टॉवर चढले तेव्हा मला हा सीन आठवायचा, फक्त तिथे विकत घेणारा आपल्यातला नव्हता.

पिक्चर आला जानेवारी १९७५ मध्ये. आदल्याच मे महिन्यात रेल्वेचा संप मोडला होता. सुमारे सतरा लाख माणसं उतरली होती, हजारोंना तुरुंगात टाकलं, वीस दिवसांत सगळं आवरलं. जूनमध्ये आणीबाणी. अण्णांच्या टाळ्यांचं कारण मी आता तिथे शोधतो. सगळे मिळून हरल्यावर एकट्यानं जिंकलेलं बघायला तीन रुपये जास्त नसतील वाटले.

एक गंमत सांगतो. भाकरी चोरणाऱ्या पोराच्या पायात विजयचा पोलीस भाऊ रवी गोळी घालतो, तो प्रसंग घे. त्या पोराचा मास्तर बाप पोलिसालाच बरोबर ठरवतो. ती भूमिका ए. के. हंगल यांची. जन्मभर कम्युनिस्ट, इप्टा या डाव्या नाट्यचळवळीतला माणूस! ‘चोरी ती चोरीच’ हे त्याच्या तोंडून ऐकताना मी एकटाच हसलो. आणि हेही खरं की ते त्यांनी इतकं मनापासून म्हटलंय की घटकाभर पटतं.

सगळ्यात टोचला तो बिल्ला. विजयचा, ७८६ नंबरचा; मुसलमान पवित्र मानतात तो आकडा. बिल्ला म्हणजे गोदीतल्या माणसाचा नंबर, ‘मी इथला कामगार’ याची खूण. पिक्चरमध्ये त्याचा ताईत होतो, तो गोळी अडवतो, हातातून सुटला की माणूस मरतो. कामाची खूण देवाच्या खात्यात गेली. मला वाटतं, माझं सगळं भांडण एवढ्या एका पत्र्याच्या तुकड्याशी आहे.

तू म्हणशील, झालाच की ठराव. झाला तर झाला. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तुझ्याबरोबर पुन्हा बघीन आणि गोदामाच्या सीनला शिटी मीच आधी मारीन.

काकूंना नमस्कार. तुझ्या बाबांचा गोदीतला बिल्ला त्या बिस्किटांच्या डब्यात अजून असेल तर त्यावरचा नंबर कळव.

तुझा,
दिन्या