अण्णा, त्या रिकाम्या ओळीबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं अण्णा. गल्लीतले ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानाची टॉवेल-चादरींची रेट यादी दर महिन्याला गिऱ्हाइकांना मेलनं जाते. ती धाडणारी पायथॉनची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मीच लिहिलेली, हेडर (मेलच्या माथ्यावरच्या पत्ता-विषयाच्या ओळी) न्‌ मजकूर हातानं एकाला एक चिकटवून. गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर नवी, रंगीत तक्त्याची यादी धाडली आणि लातूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "रेट कुठायत ओ? नुसतं टेबल, टीआर, टीडी दिसायलंय की!"

तीन रात्री मी कोड उलटापालटा करत बसलो. चौथ्या दिवशी तुम्ही चहाला आलात आणि कोड बघायलाच तयार नाही. "तू काय लिहिलंस ते राहू दे, पलीकडं काय पोचलं ते दाखव." जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मधून मेलचा कच्चा मजकूर काढून छापायला लावलात. मला तेव्हा रागच आला होता, आता सांगतो. कागदावर लाल पेन्सिल ओळीओळीनं उतरत गेली आणि विषयाच्या ओळीखाली थांबली. तिथं एक रिकामी ओळ होती. विषय मी फायलीतून वाचत होतो, त्याच्या शेवटचा एंटर तसाच चिकटून आला होता. मेलमध्ये पहिली रिकामी ओळ आली की हेडर संपले. मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारी माझी कॉन्टेन्ट-टाइपची ओळ त्याच्या खाली, म्हणजे मजकुरात जाऊन पडलेली. मग तक्ता आखणाऱ्या एचटीएमएलच्या खुणा, म्हणजे टॅग, उघडे दिसणारच.

तो एंटर काढला, तर रंगीत तक्ता गायब आणि सगळीकडे साधाच मजकूर. मल्टिपार्ट-अल्टरनेटिव्हमध्ये, म्हणजे एकच मजकूर दोन रूपांत धाडायच्या मेलमध्ये, साधा भाग आधी, एचटीएमएल शेवटी, कारण मेल वाचणारा प्रोग्राम आपल्याला झेपणाऱ्यातला शेवटचा भाग उचलतो. १९९६ सालच्या आरएफसी २०४६ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात हे लिहिलेलं आहे म्हणालात. मी एचटीएमएल आधी घातलं होतं. दोन मिनिटांचं काम.

तिसरी भानगड खरी. इंग्रजी यादी व्यवस्थित, मराठी यादीत मात्र मधूनच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. मी फॉन्टला शिव्या घालत होतो. तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिलेत, एक रोमन लिपीत, एक देवनागरीत. रोमनमधला टॉवेल ५ बाइटचा, देवनागरीतला १५. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाचे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटच्या पुढं जाता कामा नये, आणि मी तर अख्खा तक्ता एकाच ओळीत लिहिला होता! इंग्रजीत तो मर्यादेत बसायचा. मराठीत वाटेतला सर्व्हर ओळ तोडायचा, ती नेमकी एखाद्या अक्षराच्या पोटात. त्या भागाला बेस६४, म्हणजे सगळं साध्या रोमन अक्षर-आकड्यांत बदलणारी पद्धत, लावल्यावर ७६-७६ अक्षरांच्या आखूड ओळी झाल्या आणि प्रश्नचिन्हं गेली. आता हातानं चिकटवाचिकटवीही बंद. पायथॉनमधल्या ईमेल-मेसेज या तयार साधनाला आधी साधा मजकूर देतो, मग एचटीएमएल.

अजून एक. साध्या भागात मी "कृपया एचटीएमएलमध्ये पाहावे" एवढंच लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही चष्मा काढून विचारलंत, "जुन्या फोनवर बघणाऱ्यानं काय करायचं?" आता तिथंही पूर्ण रेट असतात, एका ओळीत एक माल. लातूरकर तीच यादी वापरतात. रंगीत तक्ता त्यांना आवडलाच नाही म्हणे.

पैशाचं नाव काढलं की तुम्ही चप्पल घालता, म्हणून आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे. डब्याची घाई नाही. लाल खुणांचा तो कागद मात्र तुम्ही घडी घालून खिशात टाकलात, तो तेवढा मला द्या.

तुमचा,
दुकानवाला